हिशेबाची किल्ली कुणाच्या खिशात?

22 जुलै 2021 च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तिथल्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आणि त्यांचे सहकारी आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर चढले आणि कित्येक तास तिथेच बसून राहिले. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली होती. मी व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कराची कामं बघतो, त्यामुळे त्या पुराचं नाव निघालं की मला मात्र दोन दुकानं आठवतात.

पहिलं हार्डवेअरचं. हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानातल्याच संगणकावर. मालक शिस्तीचे, दर शनिवारी दुकान बंद करताना पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचे. तो पेन ड्राइव्ह ठेवायचे गल्ल्याच्या खणात. संगणक काउंटरखाली, खण काउंटरला, आणि पाणी डोक्यावर. दोन्ही एकाच वेळी गेले. बाजारात उधारी किती अडकलीय हे पुढे गिऱ्हाइकांना विचारून लिहून काढावं लागलं. बहुतेकांनी खरा आकडा सांगितला, काहींना अचानक काहीच आठवेनासं झालं.

दुसरं दुकान औषधांच्या घाऊक विक्रीचं. त्यांचं सगळं क्लाउडवर. त्यांच्या हिशेबाला पाण्याचा थेंबही लागला नव्हता, पण हिशेब उघडेना. ओटीपी यायचा तो मोबाइल चिखलात गेलेला. पर्यायी ईमेल होता, पण तो ज्या पोराने तीन वर्षांपूर्वी खातं सुरू करून दिलं त्याचा, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेलेला. नवं सिम मिळून, त्या पोराला शोधून, खातं उघडेपर्यंत आठ-नऊ दिवस गेले. औषधं हवीत म्हणून दारात माणसं उभी, आणि कुठल्या कंपनीचा किती माल येणं आहे ते कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, की ‘क्लाउड घेऊ का डेस्कटॉपच बरं?’, तर मी आधी उलट विचारतो: आज रात्री तुमचा संगणक गेला किंवा तुमचा मोबाइल गेला, तर उद्या सकाळी पहिलं बिल किती वाजता निघेल? आणि ते काढायला कुणाकुणाला फोन करावा लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिली की निम्मी निवड तिथेच होते.

नावांचा घोळ आधी मिटवू. डेस्कटॉप म्हणजे प्रोग्रॅमही तुमच्या यंत्रावर आणि आकडेही तुमच्याच यंत्रावर. क्लाउड म्हणजे दोन्ही दुसऱ्याच्या यंत्रावर, आणि तुम्ही इंटरनेटवरून दार उघडून आत जाता. ही ‘दुसऱ्याची यंत्रं’ कुठे ढगात नसतात. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे आपली केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत, गूगलने 2017 मध्ये मुंबईत. विटा-सिमेंटच्या इमारती आहेत, आणि इमारतीला जे होऊ शकतं ते त्यांनाही होतं. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्या गिऱ्हाइकांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी काहींचे आकडे कायमचे गेले. गल्ल्याच्या खणातला पेन ड्राइव्हच तो, फक्त भाडं जास्त.

यात एक मधला प्रकारही आहे आणि आपल्याकडे तोच सर्वांत जोरात विकला जातो: ‘टॅली ऑन क्लाउड’. हे खरं तर तेच डेस्कटॉप सॉफ्टवेअर. फक्त ते ज्या संगणकावर चालतं तो तुमच्या दुकानात नसून कुणाच्या तरी सर्व्हरवर असतो, आणि तुम्ही लांबून त्याचा पडदा बघता. वाईट नाही. मालक नाशिकला, गोडाऊन भिवंडीला, सीए ठाण्यात अशी स्थिती असेल तर फार सोयीचं पडतं. पण इथे तुमचा भरवसा मोठ्या कंपनीवर नसतो, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या माणसावर असतो. त्याला विचारा: सर्व्हर कुणाच्या नावावर आहे, बॅकअप रोज होतो का, तो मला माझ्या हातात दर आठवड्याला मिळेल का, आणि उद्या मी सोडून गेलो तर किती दिवसांत डाटा देणार? ‘काळजी करू नका, आम्ही आहोत ना’ हे उत्तर आलं तर काळजी करा.

कामाप्रमाणे घर वेगळं

‘सगळं क्लाउडवर नेऊ’ किंवा ‘आमचं जुनंच बरं’ अशी घाऊक भूमिका घेण्याचं कारण नाही. धंद्यात चार-पाच वेगवेगळी कामं असतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी.

काउंटरवरचं बिल हे सगळ्यांत नाजूक काम. समोर गिऱ्हाईक उभं असतं, पाठीमागे दुसरं. रस्ता खोदताना फायबर तुटली, आणि ‘सर्व्हर डाउन आहे, थांबा’ म्हणायची वेळ आली, की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. किराणा, मेडिकल, हॉटेल यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: बिल फाडणारा प्रोग्रॅम इंटरनेटशिवाय चालायला हवा. क्लाउडचाच घ्यायचा तर असा घ्या, की जो नेट नसताना स्थानिक यंत्रावर बिलं साठवतो आणि नेट आलं की आपोआप वर चढवतो. विक्रेता ‘हो, चालतं’ म्हणेलच. तुम्ही त्याच्यासमोर राउटरची वायर काढा आणि दहा बिलं करून बघा. दोन बिलांना एकच नंबर पडतो का, साठा बरोबर वजा होतो का, हे तेव्हाच कळतं.

पण बिल नेटशिवाय निघायलाच हवं हा मुद्दा सगळ्यांना सारखा लागू नाही. ज्यांची उलाढाल 2017-18 पासूनच्या कुठल्याही वर्षात 5 कोटींच्या वर गेली आहे, त्यांना 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस काढावं लागतं. ते सरकारी पोर्टलवर नोंदल्याशिवाय पक्कं होत नाही. 10 कोटी आणि त्याच्या वरच्यांना तर 1 एप्रिल 2025 पासून ती नोंद 30 दिवसांत करावीच लागते. माल बाहेर पाठवायचा तर ई-वे बिल आहेच: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वर, राज्याबाहेर 50 हजारांच्या वर. म्हणजे असा व्यापारी ‘नेट नसलं तरी माझं डेस्कटॉप चालतं’ म्हणतो तेव्हा ते अर्धंच खरं असतं. बिल छापलं जाईल, गाडी हलणार नाही. त्यांनी दुसरी इंटरनेट जोडणी घ्यावी, दुसऱ्या कंपनीची. तिचा खर्च क्लाउडच्या खात्यात टाकू नये. ती लागणारच होती.

किर्द-खतावणीचं काम वेगळं. ते मिनिटाला अडत नाही, पण त्याला माणसं जास्त लागतात: दिवाणजी नोंद करतो, मालक उधारी बघतो, सीए तपासतो. एकाच खोलीत एकच माणूस हे सगळं करत असेल तर डेस्कटॉपला तोड नाही. बटणं पाठ झालेला जुना अकाउंटंट टॅलीत ज्या वेगाने व्हाउचर टाकतो तो वेग ब्राउझरमध्ये मी अजून पाहिलेला नाही. हा मुद्दा लहान समजू नका. सॉफ्टवेअर बदललं म्हणून चांगला अकाउंटंट सोडून गेल्याचं उदाहरण माझ्या ओळखीत आहे. पण मालकाला दौऱ्यावर असताना वसुली बघायची असेल, दोन शाखा असतील, किंवा सीएला दर महिन्याला पेन ड्राइव्ह पाठवून ‘तुमच्याकडची नोंद खरी का आमच्याकडची’ असा वाद होत असेल, तर तिथे क्लाउडचा फायदा खरा आहे. एकच वही, सगळे तिच्यातच लिहिणार.

ईमेल, पत्रं, कोटेशनं, करारांच्या प्रती यांच्याबद्दल फार विचार करू नका, त्या ऑनलाइनच ठेवा. फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यात. कुणाच्या वैयक्तिक जीमेलमध्ये नको.

मोठ्या चित्रांच्या फाइली, यंत्राचे आराखडे, छापखान्याचं काम हे अजून बऱ्याच अंशी डेस्कटॉपचंच राज्य आहे. शेकडो एमबीची फाइल दर वेळी वर-खाली करण्यात दिवस जातो.

आणि एक चूक, जी मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळी सांगतो. काही हुशार मंडळी ‘दोन्हींचा फायदा’ म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चालू डाटाचं फोल्डरच गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवतात. दोन संगणकांवरून एकाच वेळी काम सुरू झालं की फायलींच्या दोन-दोन प्रती होतात, अर्धी नोंद इकडे, अर्धी तिकडे, आणि एखाद्या सकाळी कंपनी उघडतच नाही. ड्राइव्हवर ठेवायची ती बॅकअपची बंद फाइल, रोजची चालू वही नव्हे. शिवाय असं आपोआप सारखं होत राहणारं फोल्डर म्हणजे बॅकअपही नव्हे. इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं. इकडे व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या की तिकडेही त्याच कुलूपबंद प्रती जातात.

पैशाचं गणित

दुकानदार किंमत विचारतो ती आजची. विचारायला हवी ती पाच वर्षांची. नमुना म्हणून आकडे धरू. खरे आकडे तुमच्या विक्रेत्याकडून घ्या आणि याच जागी भरा.

समजा डेस्कटॉपचं लायसन्स 25,000 रुपये आणि दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल 5,000. पाच वर्षांचे झाले 45,000. बॅकअपसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क 8,000, यूपीएस आणि मध्ये एकदा बॅटरी बदलणं 7,000. एकूण 60,000. क्लाउडचं भाडं समजा महिना 1,000. साठ महिन्यांचे 60,000. सारखेच! पुष्कळदा हे असंच सारखं सुटतं, आणि मग फरक पडतो तो माणसांच्या संख्येने. क्लाउडला माणूस वाढला की भाडं वाढतं. महिना 300 रुपये जास्त म्हणजे पाच वर्षांत माणशी 18,000. डेस्कटॉपला अनेकांसाठीचं लायसन्स एकट्याच्या लायसन्सच्या काही पट महाग असतं, पण टॅलीसारख्यांत ते एकदा घेतलं की ऑफिसच्या जोडणीवर माणसं मोजत बसावं लागत नाही. दोन माणसांना एक उत्तर, दहा माणसांना दुसरं.

या गणितात न दिसणारी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धंद्यात वाईट वर्ष येतं. कायमस्वरूपी लायसन्स असलेल्या डेस्कटॉपचं रिन्यूअल थकलं तर नवे बदल मिळत नाहीत, काही ऑनलाइन सोयी बंद होतात, पण वही उघडते. क्लाउडचं भाडं थकलं तर वहीच बंद. हंगामी धंदा असलेल्यांनी, म्हणजे आंबा, फटाके, लग्नाचे हॉल, हे ध्यानात ठेवून भाडं वर्षाचं एकदम भरावं. कार्डावरून आपोआप कापलं जाईल अशा भरवशावर राहू नये: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कापून जाणाऱ्या रकमेवर 15,000 ची मर्यादा आहे, त्यावर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो, आणि तो संदेश नेमका लग्नाच्या पंगतीत येतो.

कराची बाजू थोडक्यात. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी लागतो. नेहमीच्या नोंदणीतल्या व्यापाऱ्याला त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. त्याने किंमत करासकट धरावी. आयकरात विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर 40 टक्के घसारा आहे, तर भाडं त्याच वर्षाच्या खर्चात जातं. केवळ या फरकासाठी निवड बदलावी इतका तो मोठा नाही.

आणि ‘क्रॅक’ कॉपी? पाच वर्षांचा खर्च शून्य, असं वाटतं खरं. ज्याने कुलूप तोडून सॉफ्टवेअर फुकट दिलं त्याने आत आणखी काय घालून दिलंय हे तुम्हाला माहीत नसतं, आणि त्याच संगणकावरून तुम्ही बँक उघडता.

कायदा काय म्हणतो

प्रोप्रायटर आणि भागीदारी यांना मोकळीक बरीच आहे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, कुणी काय कधी बदललं, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. आणि हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला हवा. परदेशी सेवा स्वस्त मिळाली म्हणून घेतली तर हा दुसरा नियम पायात येतो.

सगळ्यांना लागू असणारी गोष्ट म्हणजे मुदत. जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपायचे. 2024-25 चं विवरणपत्र भरायची तारीख 31 डिसेंबर 2025, म्हणजे ती बिलं 31 डिसेंबर 2031 पर्यंत दाखवता आली पाहिजेत. कंपन्यांना तर आठ आर्थिक वर्षं. क्लाउड घेताना म्हणूनच विचारायचं: मी 2027 मध्ये सोडून गेलो तर 2024 ची बिलं मला 2031 मध्ये कशी दिसणार? डेस्कटॉपवाल्यांनी खुशीत राहू नये. त्यांना प्रश्न असा, की 2031 मध्ये ही आवृत्ती चालेल असा संगणक तुमच्याकडे असेल का? विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि अजून कितीतरी पेढ्यांवर तीच आहे.

निघायचा दरवाजा

मी आत शिरण्याआधी बाहेर पडायचा दरवाजा बघतो. इंट्युइट ही अमेरिकेतली मोठी कंपनी, तिचं क्विकबुक्स भारतात बऱ्याच जणांनी घेतलं होतं; 2023 मध्ये कंपनीने ते इथे बंद केलं. सूचना दिली, मुदत दिली, तरी वर्षांचा हिशेब उचलून दुसरीकडे न्यायचं काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडलं. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जीच्या ईमेल वगैरे सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत त्या सुरू झाल्या. गुजरातेत वाडीनारला अवाढव्य रिफायनरी चालवणाऱ्यांना कोर्टात जाता आलं. आपल्यातला कोण जाणार?

पण घरातलं ते आपलं, असंही नाही. मराठी छापखान्यांना विचारा. वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉन्टमध्ये केलेली पुस्तकं त्यांच्याच डिस्कवर आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. जुना संगणक गेला, मागे खोचायचं डोंगल हरवलं, की तेच पान नव्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन समोर येतं. फाइल तुमच्या कपाटात आहे आणि वाचता येत नाही. म्हणून क्लाउड असो की डेस्कटॉप, एकच कसोटी लावा: माझी गिऱ्हाइकं, उधारी, साठा, व्हाउचरं एक्सेलमध्ये आणि बिलं पीडीएफमध्ये मला माझी मी, कुणाला न विचारता काढता येतात का? विकत घेण्याआधी, चाचणीच्या महिन्यातच, हे एकदा करून बघा. काढलेली एक्सेल उघडून बेरीज ताळेबंदाशी जुळवा. कित्येक सॉफ्टवेअरं ‘एक्सपोर्ट’ देतात, पण त्यात पावती कुठल्या बिलापोटी आली तेच नसतं.

हे सगळं झाल्यावरही बदलायचं ठरलं तर 1 एप्रिल धरा. वर्षाच्या मध्यात बदललं की सुरुवातीच्या शिलका, अर्धवट पावत्या आणि जीएसटीचा ताळा यांत अकाउंटंटचे दोन महिने जातात. मार्चमध्ये नवीन प्रोग्रॅमवर पंधरा दिवसांची बिलं जुन्याबरोबर समांतर टाकून बघा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. चाचणीला तो दिवस उत्तम.

किल्लीचं काम मात्र आजच करता येईल, काहीही बदलायचं नसलं तरी. खात्याचा मुख्य ईमेल मालकाच्या किंवा फर्मच्या नावाचा आहे का ते बघा. ओटीपीचा नंबर कुणाच्या खिशात आहे? दुसरा नंबर घरातल्या विश्वासातल्या माणसाचा नोंदवा. खातं परत मिळवायचे कोड छापून लॉकरमध्ये ठेवा. अकाउंटंटला वेगळं लॉगिन द्या, मालकाचा पासवर्ड नको. तो गेला की लॉगिन बंद, भांडण नाही. बॅकअपच्या तीन प्रती असू द्या, त्यांतली एक इमारतीबाहेर आणि एक वायरला न जोडलेली. आणि तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. न उघडून बघितलेल्या बॅकअपवर मी पैसे लावणार नाही.

औषधवाल्यांनी क्लाउडच ठेवलं आहे. मुख्य ईमेल आता फर्मचा, दुसरा ओटीपी त्यांच्या सौभाग्यवतींच्या फोनवर. हार्डवेअरवाल्यांनी पुन्हा डेस्कटॉपच घेतलं. बिलाचा वेग त्यांना सोडवत नाही. शनिवारचा पेन ड्राइव्ह आता गल्ल्यात राहत नाही, चढावर राहणाऱ्या त्यांच्या बहिणीच्या घरी जातो. जून ते सप्टेंबर रोज जातो.